डाव्या डोळ्यातली लाट

स्नेहसंमेलनांचा हंगाम ऐन भरात होता आणि वैजयंतीबाई गुजर यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साताऱ्याच्या राजपथावर, ‘डोळस चष्माघर’ नावाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, त्यांची ‘वैजयंती ड्रेपरी’ होती आणि मागच्या दोन खोल्यांत घर. शाळांच्या नाटकांना आणि नाचांना लागणारे पोशाख त्या भाड्याने देत. एका भिंतीला मावळ्यांचे अंगरखे टांगलेले, दुसऱ्या भिंतीला कोळीनृत्याची लुगडी, कोपऱ्यात पोपटांचे पंख आणि कागदाच्या लगद्याचं, अर्धवट रंगवलेलं हत्तीचं डोकं. जगात बाकी सगळं यंत्रावर छापून घरपोच मिळायला लागलं होतं. पण सहावी ‘ब’च्या सगळ्या मावळ्यांना एका सकाळी फेटे बांधून देणारं यंत्र अजून कोणी काढलं नव्हतं.

अशा गर्दीत हंबीरराव भोईटे आले. भोईटे सर शाळेत पीटीचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्यासारखेच निवृत्त लोक गोळा करून एक ब्रास बँड काढला होता. ते स्वतः ट्रम्पेट वाजवत. बँडचे लाल कोट वैजयंतीबाईंकडून जात आणि कार्यक्रम झाला की सर ते स्वतः परत आणून देत.

वैजयंतीबाई तोंडात टाचण्या धरून एका अंगरख्याची बाही टाचत होत्या. हाताने कोट ठेवायची खूण करून त्या पुटपुटल्या, “बटणं तुटलीत का?”

“एक साळुंख्यांनी तोडलंय. ते लावून देतो म्हणालेत.” सर जरा थांबले. “मी काय म्हणतो, वैजयंतीबाई, आपण लग्न करू या का?”

वैजयंतीबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि गादीत खोचल्या. मागे बाकावर दोन शिक्षिका परीचे पंख मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचं आपसातलं बोलणं एकदम थांबलं.

“हे तुम्हाला आत्ता सुचलं की ठरवून आलात?”

“दिवाळीपासून ठरवून येतोय. पण दर वेळी इथे गिऱ्हाईक असतं.”

“आत्ताही आहे.”

“आता म्हटलं, असू दे.”

वैजयंतीबाईंना हसू आलं. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या, सर सहासष्ट. सरांची पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. वैजयंतीबाईंचे यजमान जाऊनही आठ-नऊ वर्षं झाली होती. या माणसाच्या येण्याची आपण कोटांपेक्षा जास्त वाट बघतो, हे त्यांना बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं.

“गार्गीला सांगते,” त्या म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं की आपण ‘विचारते’ म्हटलं नाही.

गार्गी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती पुण्यातल्या एका नेत्रसंशोधन संस्थेत काम करायची आणि तिचं काम आता गावोगावच्या चष्म्यांच्या दुकानांत पोचलेलं होतं.

शरीरात वाहतं रक्त, काहीही न कापता, बाहेरून स्पष्ट बघता येईल अशी जागा जवळजवळ एकच आहे: डोळ्याचा तळ. तिथल्या दृष्टिपटलावर आपल्याला दिसणारं चित्र उमटतं आणि त्याच पडद्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. डॉक्टर पूर्वीपासून त्याचे फोटो काढत आले होते. पण फोटोत वाहिन्या दिसत, वाहणं दिसत नसे. गार्गीच्या गटाने वाहणं टिपलं. डोळ्याला जाणवतही नाही असा सौम्य लेझर प्रकाश आत सोडायचा. तो धावत्या रक्तपेशींवर आपटून परत येतो तेव्हा त्याची कंपनं किंचित बदललेली असतात. समोरून येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे निघून गेली की तोच हॉर्न उतरतो, तसंच हे. बदल इतका सूक्ष्म असतो की थेट मोजता येत नाही. म्हणून परत आलेल्या प्रकाशात मूळ प्रकाश मिसळायचा. दोन्ही मिळून जी चमचम होते ती एक कॅमेरा सेकंदाला हजारो चित्रं काढून पकडतो आणि संगणक त्यातून चित्रफीत तयार करतो.

त्या चित्रफितीत, हृदयाचा ठोका पडला की डोळ्याच्या तळाशी एक लाट येते, फांद्याफांद्यांत पसरते आणि ओसरते. धमनीची भिंत लवचीक असेल तर लाट सावकाश ओसरते. भिंत ताठर झाली असेल तर लाट टोकदार चढते आणि धाडकन पडते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची चाहूल या लाटेवरून कितीतरी आधी लागू लागली. खूप लोकांचे डोळे वाचले, जीवही वाचले.

मग एका कंपनीने या यंत्राची छोटी आवृत्ती काढली आणि लाखो लोकांच्या लाटांशी तुलना करून प्रत्येकाला एक आकडा द्यायला सुरुवात केली. त्याला तिने नाव दिलं ‘नाडीवय’. तुम्ही पन्नाशीचे असाल, पण तुमच्या रक्तवाहिन्या किती वर्षांच्या, ते हा आकडा सांगे. लोकांनी तो डोक्यावरच घेतला. राजवाड्यासमोरच्या कट्ट्यावर म्हातारे एकमेकांना “माझं अठ्ठावन्न!” असं ऐकवू लागले. क्रिकेटच्या संघनिवडीत नाडीवय आलं, विम्यात आलं आणि अर्थातच लग्नात आलं. पत्रिकेतल्या नाडीवरून स्थळं मोडण्याचे दिवस कुठे जरा मागे पडत होते, तोवर ही डोळ्यातली नाडी आली. वधूवर सूचक मंडळांच्या जाहिरातींत उंची आणि शिक्षणानंतर तिचा रकाना असे.

गार्गीला या आकड्याची चीड होती. “आम्ही आजार शोधायला यंत्र केलं, माणसांना गुण द्यायला नाही,” असं ती सभांमधून ठासून सांगे. तिचं असं एक भाषण वैजयंतीबाईंनी ओळखीच्या सगळ्यांना पाठवलं होतं, गिऱ्हाइकांनासुद्धा.

त्या शनिवारी गार्गी साताऱ्याला आली. सर दुपारी जेवायला आले ते मटकीची उसळ स्वतः करून, डबा घेऊन. जेवताना त्यांनी शाळेतल्या एका संचलनाची गोष्ट सांगितली. ‘दाहिने मुड’ म्हटल्यावर अख्खी तुकडी डावीकडे वळून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली होती. गार्गी इतकी हसली की तिला ठसका लागला. जेवण झाल्यावर सरांनी भांडी विसळली आणि कंदी पेढे आणायला म्हणून खाली उतरले.

“आवडले?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“खूप.” गार्गी टेबल पुसत होती. ती पुसलेलीच जागा पुन्हा पुसत राहिली. “आई, त्यांचं नाडीवय किती आहे?”

वैजयंतीबाईंना आपण चुकून भलतंच ऐकलं असं वाटलं. “काय म्हणालीस?”

“ऐकलंस तू.”

“तूच सांगत फिरतेस ना, तो आकडा फसवा आहे म्हणून? तुझं भाषण पाठ आहे मला.”

“लोकांना सांगते. तू माझी आई आहेस.” गार्गीने फडकं खाली ठेवलं. “बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. तीन वर्षं तू त्यांची कूस बदललीस, त्यांना भरवलंस, दुकानही चालवलंस. तुझी पाठ त्यात कायमची गेली. मी सुट्टीला यायचे आणि तू मला हसून दाखवायचीस. मला ते पुन्हा बघायचं नाहीये. मला फक्त एवढंच कळू दे की हा माणूस पाच वर्षांत अंथरुणाला खिळणार नाही.”

दारात खोकल्याचा आवाज झाला. सर पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते.

“मोजून टाकू की,” ते शांतपणे म्हणाले. “खालीच तर यंत्र आहे. मी रोज अजिंक्यताऱ्यावर चढतो, पोरी. पन्नाशीच्या आत निघेल बघ.”

तिघंही खाली गेले. चष्माघराचे मालक शेटे यांनी आधी वैजयंतीबाईंना बसवलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, आधी उजवा डोळा, मग डावा. पडद्यावर आकडा आला: पंचावन्न. सरांनी टाळ्या वाजवल्या. मग ते स्वतः बसले, ताठ, शाळेच्या फोटोला बसल्यासारखे.

यंत्राने जरा जास्त वेळ घेतला. मग आकडा आला: ब्याऐंशी.

शेट्यांनी पटकन पडदा भिंतीकडे वळवला, पण सगळ्यांनी बघितलं होतं. पुन्हा मोजलं. ब्याऐंशीच.

“शाळेत कधी नापास झालो नव्हतो,” सर म्हणाले. कोणी हसलं नाही. गार्गीचा चेहरा पांढरा पडला होता. आपण हे का विचारलं, असं तिला झालं असावं. आणि बरं झालं विचारलं, असंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधीच, सर आले. उभ्याउभ्याच म्हणाले, “वैजयंतीबाई, मी माझा शब्द मागे घेतो. मुलगी बरोबर बोलतेय. मला तुमची सोबत हवी होती. तुमच्या गळ्यात पडायचं नव्हतं.”

“मला विचारायचं नाही का?”

“तुम्ही हो म्हणाल, म्हणूनच विचारत नाही,” असं म्हणून ते जिना उतरून गेले.

पुढचे काही दिवस वैजयंतीबाईंनी खूप काम केलं. हत्तीचं डोकं रंगवून पुरं केलं. गार्गीचे फोन आले तेव्हा “काम आहे” म्हणून ठेवून दिले. त्या दोघांवर सारख्याच रागावलेल्या होत्या. परस्पर ठरवलं दोघांनी, एकीने काळजीपोटी आणि दुसऱ्याने सज्जनपणापोटी. पण राग जरा निवला तेव्हा त्यांना कबूल करावं लागलं की आकड्याची भीती त्यांनाही वाटली होती. ती तीन वर्षं त्या विसरल्या नव्हत्या. खोलीतला औषधांचा वास, ओली चादर, रोज संध्याकाळी येणारं रडू. आणि त्याच खोलीत, अर्धं तोंड वाकडं असताना यजमानांनी सांगितलेले विनोदही त्यांना आठवत होते. त्या तीन वर्षांत आपण दमलो होतो, पण चुकीच्या घरात आहोत असं एकदाही वाटलं नव्हतं. उलट तो आकडा माझा निघाला असता तर? सर पेढे तिथेच ठेवून गेले असते का? छे. त्यांनी पाठीच्या व्यायामाचा तक्ता आणून भिंतीला लावला असता.

एवढा विचार झाल्यावर दुसऱ्याच दुपारी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि त्या बँडच्या तालमीला गेल्या.

तालीम शाळेच्या मैदानावर, चिंचेखाली चालायची. दहा-बारा निवृत्त माणसं एक लग्नाची धून वाजवत होती आणि प्रत्येक जण ती आपापल्या वेगाने पुरी करत होता. वैजयंतीबाई सरळ मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. एकेक वाद्य थांबलं. ढोलवाले साळुंखे सगळ्यांत शेवटी थांबले.

“भोईटे सर, तुम्ही दुकानात गिऱ्हाइकांसमोर विचारलंत, म्हणून मीही चार लोकांत सांगते. मला लग्न करायचंय. तुमच्याशी. तुम्ही आजारी पडलात तर मी करीन. मी पडले तर तुम्ही करा. दोघं पडलो तर माणूस ठेवू. एवढाच हिशेब आहे. आता काय ते बोला.”

सरांनी ट्रम्पेट काखेत धरलं. साळुंखे म्हणाले, “सर, हो म्हणा की ओ. उन्हात उभ्या आहेत त्या.”

“हो,” सर म्हणाले.

साळुंख्यांनी ढोलावर एक टोला हाणला आणि सगळे हसले. सर हसता हसता डावा डोळा चोळू लागले. मग त्यांनी तो हाताने झाकला आणि उजव्यानेच बघत राहिले.

“काही गेलं का डोळ्यात?”

“नाही, हे अधूनमधून होतं. वरून पडदा उतरल्यासारखं धुकं येतं आणि थोड्या वेळात जातं. फुंकून फुंकून होत असेल.”

“डाव्याच डोळ्यात?”

“डाव्याच.”

“आणि हे शेट्यांकडे का नाही सांगितलंत?”

“त्यांनी कुठे विचारलं? त्यांनी आकडा सांगितला, मी ऐकला.”

वैजयंतीबाईंनी तिथेच, चिंचेखाली उभं राहून गार्गीला फोन लावला. आधी म्हणाल्या, “मी लग्न करतेय, हे ठरलं. ते सांगायला फोन नाही केला.” मग त्यांनी धुक्याचं सांगितलं.

पलीकडून गार्गीचा आवाज आला, तो मुलीचा नव्हता, संशोधकाचा होता. “आई, फक्त डावा? नक्की? सरांना फोन दे.”

तिने सरांना बारीकसारीक प्रश्न विचारले. हात जड होतो का, बोलताना शब्द अडतो का. शेवटी तिने त्यांची परवानगी मागितली. दुकानातलं यंत्र फक्त आकडा दाखवायचं, पण मूळ चित्रफिती कंपनीकडे साठवलेल्या असत आणि ज्याचे डोळे त्याने मागितल्या तर कंपनीला द्याव्या लागत. “सर, मला तुमची लाट बघायचीय,” गार्गी म्हणाली. “मी ती त्याच दिवशी बघायला हवी होती. आता थांबू नका. आत्ताच निघा आणि पुण्याला या. गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवू दे.”

गाडी साळुंख्यांनी चालवली.

प्रयोगशाळेत पोचले तेव्हा गार्गीने दोन्ही चित्रफिती एका मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून ठेवल्या होत्या. काळ्या आकाशात उगवलेल्या दोन तांबूस झाडांसारखी ती जाळी दिसत होती. सर आपल्याच डोळ्यांकडे टक लावून बघत राहिले.

“हा उजवा,” गार्गी म्हणाली. “बघा, ठोका पडला, लाट आली, फांद्यांत पसरली, सावकाश ओसरली. ही साठीच्या माणसाची छान लाट आहे. तुमचा अजिंक्यतारा दिसतोय यात. आता डावा बघा.”

डाव्या झाडात लाट येत होती, पण उशिरा, दबकत. उजवीकडचं झाड उजळून मंदावू लागे तेव्हा डावं कुठे उजळायला सुरुवात होई.

“दोन्ही डोळ्यांना रक्त एकाच हृदयातून येतं,” गार्गी सांगू लागली. “मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक मोठी धमनी वर जाते. तीच मेंदूला रक्त देते आणि तिचीच एक फांदी डोळ्याला जाते. दोन्ही रस्ते मोकळे असतील तर दोन्ही डोळ्यांत लाट एकदमच पोचते. तुमची डावी मागे पडतेय. ही लाट म्हातारी नाहीये, सर. ती वाटेत अडतेय. मानेत कुठेतरी रस्ता अरुंद झालाय.”

“मग ब्याऐंशी कुठून आलं?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“कंपनीचा प्रोग्राम दोन्ही डोळ्यांची सरासरी काढतो. असली अडलेली लाट त्याने शिकलेल्या कोणत्याच वयात बसत नाही. त्याला काही समजलं नाही, म्हणून त्याने वय वाढवून टाकलं.” गार्गी खुर्चीत बसली. “आणि मी, ही लाट टिपायला जिने सात वर्षं घालवली, ती त्या आकड्याला घाबरले. आई, मी साधा प्रश्नही विचारला नाही. सर, मला माफ करा.”

सर अजून पडद्याकडेच बघत होते. “तू विचारलं नसतंस तर मी त्या यंत्रावर बसलो असतो का?” ते म्हणाले. “जाऊ दे. पुढे काय करायचं ते सांग.”

त्याच संध्याकाळी मानेची सोनोग्राफी झाली आणि गार्गीचं म्हणणं खरं ठरलं. डावी धमनी खूपच आवळली होती. आत साचलेल्या थराचे बारीक कण सुटून डोळ्यात जात आणि धुकं येई. असा एखादा कण डोळ्याऐवजी मेंदूत गेला असता तर सरळ अर्धांगवायू. सर्जननी समजावून सांगितलं: धमनी उघडून आतला थर काढून टाकायचा. शंभरात दोघा-तिघांना ऑपरेशनमध्येच त्रास होतो. पण न करण्यात धोका त्याहून पुष्कळ जास्त.

सर म्हणाले, “लग्न ऑपरेशननंतरच. आधी नको. मी टेबलावरून नीट उठलो तर.”

“चालेल,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “पण उठाच.”

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने आत सोडताना विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?” वैजयंतीबाई क्षणभर अडखळल्या. मागून गार्गी म्हणाली, “बायको. आणि मी मुलगी.” नर्सने दार उघडलं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या सरांनी गार्गीकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांना आत नेलं.

ते तास फार हळू गेले. मायलेकी बाकावर शेजारी बसल्या. गार्गीने आईचा हात धरला होता आणि वैजयंतीबाईंनी तो धरू दिला.

“मला तू पुन्हा दमायला नको होतीस,” गार्गी म्हणाली.

“माहीत आहे मला. पण मी कशापायी दमायचं ते मला ठरवू दे ना.”

गार्गीने मान हलवली. मग ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क झोपली, आणि सर्जन बाहेर येऊन “सगळं व्यवस्थित झालं” म्हणाले तेव्हा तिला हलवून जागं करावं लागलं.

महिन्याभराने गार्गीने सरांचे डोळे पुन्हा यंत्रावर बघितले. दोन्ही झाडं एकाच वेळी उजळत होती, एकाच वेळी मंदावत होती. तिघं खूप वेळ ती चित्रफीत बघत बसले. नाडीवय काढायचं राहूनच गेलं.

गार्गीने सरांच्या परवानगीने ही चित्रफीत आणि तिच्यामागची चूक संशोधन-पत्रिकेत छापली. कंपनीने आधी हात झटकले, मग बरीच ओरड झाल्यावर नवी आवृत्ती आणली. आता यंत्र आधी दोन्ही डोळ्यांची तुलना करी आणि तफावत दिसली तर आकडा न देता डॉक्टरांकडे जायला सांगे. पहिल्याच वर्षात कितीतरी लोकांच्या आवळलेल्या धमन्या वेळेवर सापडल्या. आकड्याचं वेड लगेच गेलं नाही. ते ओसरायला वेळ लागला. पण “तुमचं किती?” असं कट्ट्यावर कोणी विचारलं तर “दोन्ही डोळे बरोबर चालतात, बास,” असं उत्तर द्यायची फॅशन साताऱ्यातून सुरू झाली, असं शेटे सगळ्यांना सांगतात.

लग्न या सगळ्याच्या आधीच, त्याच मार्चमध्ये झालं, नोंदणी कार्यालयात, आणि जेवण शाळेच्या मैदानावर. बँडचे लोक लाल कोट घालून आले होते. वैजयंतीबाईंनी त्या दिवसापुरतं कोटांचं भाडं माफ केलं होतं, यावर साळुंख्यांनी दोनदा भाषण केलं. सरांना मात्र डॉक्टरांनी आणखी काही महिने फुंकायला मनाई केली होती. ते खुर्चीत बसून नुसताच हाताने ताल देत होते. ट्रम्पेट शेजारच्या खुर्चीवर होतं. ट्रम्पेटशिवाय बँड कसा वाजतो, ते त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं.

“फारच भयंकर वाजवतायत ओ,” वैजयंतीबाई सरांच्या कानाशी म्हणाल्या.

“मधला सूरच नाही ना. काय करणार?”

“मला शिकवा.”

“आत्ता?”

“मग कधी?” त्यांनी पदर खोचला, ट्रम्पेट उचललं आणि तोंडाला लावून जोरात फुंकलं. नुसती हवा निघाली. पहिल्या पंगतीतली मुलं फिदीफिदी हसली.

“गाल फुगवू नका,” सर म्हणाले. “ओठ मिटा, घट्ट नको. आणि ते थरथरू द्या. माशी गुणगुणते ना, तसे.”

पुन्हा हवाच निघाली. वैजयंतीबाई हसू लागल्या आणि हसताना ओठ मिटेनात. बँड वाजवायचा थांबला. गार्गी हातातलं ताट तसंच धरून उठून आली.

“पोटातून, वैजू,” सर म्हणाले. लोकांसमोर त्यांनी हे नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

वैजयंतीबाईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि ओठ थरथरू दिले. ट्रम्पेटमधून एक लांब, भसाडा, म्हशीच्या रेडकासारखा आवाज निघाला. चिंचेवरचे कावळे उडाले. राजपथाच्या बाजूने जाणारा एक स्कूटरवाला थांबून बघू लागला. आवाज लांबत गेला, थोडा चढला, शेवटी कुठेतरी सुराच्या जवळ जाऊन अडला आणि श्वास संपला.

सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. वैजयंतीबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता.

“आई,” गार्गी म्हणाली, “पुन्हा!”

त्यांनी ट्रम्पेट पुन्हा ओठांना लावलं.